एका भिवाच्या दोन फायली

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवतो. बायको म्हणते, रिटायर झाल्यावर माणसं निवळतात, तुम्ही उलटे झालात. अगं पण मी रिटायर झालोच कुठे? कंपनीच बसली. तेहतीस वर्षं टाइम ऑफिसात बसून लोकांची हजेरी लिहिली, आणि अठरा सालातल्या एका सोमवारी डोंबिवलीहून डबा घेऊन गेलो तर गेटला कुलूप आणि कुलपाशेजारी नोटीस. कंपनीचं नाव मी घेत नाही. घेतलं की दिवस खराब जातो. शीळफाट्याच्या अलीकडे तांब्याची तार ओढायचो आम्ही, एवढं पुरे.

कंपनी चालू असताना मला एक खोड होती. वार्षिक अहवाल आला की पुढचे गुळगुळीत फोटो सोडून मी थेट मागची पानं काढायचो. तिथे बारीक अक्षरात एक यादी असायची. कंपनीवर कोणी कोणी दावे लावलेत, किती रुपयांचे, आणि खाली दरवर्षी तेच वाक्य: यातून कंपनीला काही द्यावं लागेल असं व्यवस्थापनाला वाटत नाही. सरकारचा कर, गावकऱ्यांच्या जमिनीचा वाढीव मोबदला, कामगारांचे दावे, सगळं एका ओळीखाली एक. द्यायचं नाही हे छापून सांगायचं आणि वर त्यावर ऑडिटरची सही घ्यायची. काय म्हणावं या माणसांना!

त्या यादीत एक चिमुकली ओळ आमच्या राघोची होती. कामगाराचा अपघात भरपाईचा दावा, चौऱ्याऐंशी हजार. चौऱ्याण्णव साली तारेच्या ड्रमात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. मशीनवरची जाळी त्यानेच काढली असं कंपनीचं म्हणणं. जाळी नव्हतीच असं आमचं म्हणणं. केस कल्याणला चालू होती, म्हणजे तारखा चालू होत्या. अहवाल आला की मी राघोला ऑफिसात बोलवायचो आणि ती ओळ दाखवायचो. तो बोट ठेवून बघायचा. अरे राघो, तू छापून येतोस, मी म्हणायचो, आणि तो खूश व्हायचा.

फक्त ती ओळ त्याच्या नावावर नव्हती. कोर्टात तो भिवा होता. मस्टरवर भिवा, गेटपासवर भिवा, पीएफवर भिवा. भिवा हा त्याचा थोरला भाऊ.

झालेलं असं. सत्त्याऐंशी साली कंपनीने वाढीव शेड टाकायला गावाची जमीन घेतली. भातशेती होती. मोबदला जेमतेम, पण वर कबूल केलं की सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या घरातल्या एकाला कायम नोकरी. मढव्यांच्या सातबाऱ्यावर बाप जोमा वारल्यावर थोरल्या भिवाचं नाव लागलेलं. म्हणून नोकरीचं पत्र भिवा जोमा मढवी या नावाने निघालं. भिवा आला, दोन पाळ्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी नाही आला. पत्र्याच्या शेडखाली त्याचा जीव घाबरायचा. चौथ्या दिवशी धाकटा राघो आला, तेच पत्र हातात घेऊन. चोवीस वर्षांचा असेल. मला म्हणाला, भावाच्या जागी माझं नाव लावा.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, ते आज मला कोणी शिकवू नये. मी रोज रात्री मलाच शिकवतो. पण त्या वेळी मी दोन वर्षांचा जुना टाइमकीपर, सगळ्यांना सल्ले देणारा. मी म्हटलं, नाव बदलायला हेड ऑफिसला पाठवलं तर पत्र रद्द होईल, कारण जमिनीवर तुझं नाव नाही. राहू दे भिवा. पगार रोख मिळतो, हातात कोणाच्या पडतो हे मी बघतो. आमच्याकडे असे आणखी पाच-सहा जण होते, कोणी काकाच्या नावावर, कोणी मेव्हण्याच्या. सगळ्यांना माहीत, सुपरवायझरला माहीत. नावात काय ठेवलंय, काम करणारा हात पाहिजे, असंच चालायचं. राघो माझे पाय धरायला आला. मला मास्तर म्हणायला लागला तो तेव्हापासून.

बावीस वर्षं गेली. दोन हजार नऊ साली भिवा वारला, घरी, पोटाच्या दुखण्याने. मी मयतीला गेलेलो. स्मशानातून परत येताना राघो माझ्या कानाशी आला. घाबरला होता. म्हणाला, मास्तर, भिवा मेला, आता कसं? आणि मी, शहाणा मी, त्याला म्हणालो:

"कंपनीतला भिवा कुठे मेलाय? चार दिवस रजा घे, पाचव्या दिवशी फर्स्ट शिफ्टला ये."

रजेचा अर्जही मीच लिहिला. कारण तर लिहायला पाहिजे. भिवाच्या नावाने अर्ज, मग मेलेला भाऊ कोण? लिहिलं, ‘माझा धाकटा भाऊ राघो याचे निधन झाल्याने’. राघोने खाली ‘भिवा’ अशी सही केली. आम्ही दोघं हसलो पण त्यावर. सुतकात हसलो.

कंपनी बंद पडली आणि कळलं की ग्रॅच्युइटीचा पैसा कोणी बाजूला काढलेलाच नव्हता. शेवटच्या दोन वर्षांचा पीएफ आमच्या पगारातून कापला होता, पण भरला नव्हता, त्यामुळे पेन्शनचे कागदही अडकले. मग बँका ट्रिब्युनलमध्ये गेल्या. पाच वर्षं गेल्यावर तिथून लिक्विडेटर बसला, म्हणजे मेलेल्या कंपनीचं सामान विकून घेणेकऱ्यांना वाटणारा. ठाण्याला नौपाड्यात त्याचं ऑफिस. पण या वेळी आशेला जागा होती. कंपनीकडे मशिनं भंगार होती, पण जमीन होती, आणि शीळफाट्याला आज जमिनीचा भाव काय आहे हे सांगायला नको. कामगारांचा नंबर वरचा, ग्रॅच्युइटी पूर्ण निघेल असं सगळे म्हणत होते. राघोची मी काढून दिली आणि भिवाच्या नावाने दावा भरला. एकतीस वर्षं, शेवटचा पगार साडेसतरा हजार. तीन लाख तेरा हजारांना वीस रुपये कमी.

राघोला तीन लाखच हवे होते, त्याचं कारण होतं. तो आणि त्याची बायको शकूवहिनी भिवाच्या घरामागच्या पडवीत राहायचे. घर भिवाचं, आता पुतण्याचं. पुतण्या प्रितम, वाईट नाही पोरगा. घराच्या जागेवर बिल्डरशी बोलणी झालेली. त्याने काकाला सांगितलं, दिवाळीपर्यंत तीन लाख घाल, वरच्या मजल्यावरची एक खोली तुझ्या आणि काकीच्या नावावर करून देतो, उरलेलं माझं मी बघतो. बाजारात त्या खोलीचे वीस लाख. राघोच्या नावावर आयुष्यात काहीच नव्हतं, साधी नोकरीसुद्धा. वहिनीने त्या न बांधलेल्या खोलीत देव्हारा कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवलं होतं.

आणि तेवढ्यात मला लिक्विडेटरच्या ऑफिसातून फोन. कादंबरी मॅडम म्हणून एक मुलगी तिथे काम बघायची, तिशीच्या आतली. कंपनीचे अकरा कपाटं कागद आलेत, कशाला कशाचा पत्ता नाही, तुम्ही जुने आहात, येऊन लावून द्याल का, रोजचे सहाशे रुपये देऊ. मी टुणकन उडी मारून गेलो. पैशांसाठी नव्हे. सहा वर्षांत मला कोणी कामाला बोलावलं नव्हतं.

तेवीस दिवस गेलो मी ठाण्याला. सगळ्यात मोठा घोळ कोर्टकेसेसचा होता. प्रत्येक वकिलाने आपापल्या फायली कोर्टाप्रमाणे लावलेल्या, ठाण्याच्या वेगळ्या, कल्याणच्या वेगळ्या. मला ते बघवेना. टाइम ऑफिसात आम्ही माणसाच्या नावाने लावायचो. माणूस सापडला की त्याचं सगळं सापडलं पाहिजे. मी बैठक मारली आणि अकराही कपाटं नावाप्रमाणे लावली. ज्याच्या जितक्या फायली, तितक्या एका नाडीत. पर्सनल फाइलसुद्धा त्यातच. कादंबरी मॅडम म्हणाल्या, काका, इतकं व्यवस्थित काम मी पाहिलं नाही. मी फुशारून घरी आलो आणि बायकोला दोनदा सांगितलं.

त्यात भ मध्ये भिवा जोमा मढवी. त्याची एक केस कल्याणची, बोटांची. दुसरी ठाण्याची, जमिनीच्या वाढीव मोबदल्याची, खऱ्या भिवाने गावकऱ्यांबरोबर लावलेली. तो वारल्यावर वारस लावायचे म्हणून प्रितमने त्या फाइलीत बापाचा मृत्यूचा दाखला दिलेला. दोन हजार नऊचा. म्हणजे एकाच कंपनीविरुद्ध एकच भिवा ठाण्यात मेलेला आणि कल्याणात पुढची नऊ वर्षं तारखेला हजर. दोन वकील, दोन कोर्टं, कोणाला पत्ता नाही. कधीच लागला नसता. मी त्या फायली स्वतःच्या हाताने एका नाडीत बांधल्या, वर नाव लिहिलं, आणि मला काडीचंही खटकलं नाही. माझ्या डोक्यात एक भिवा जमिनीचा आणि एक भिवा मस्टरचा, असे दोन भिवा इतकी वर्षं सुखाने नांदत होते.

महिन्याभराने मॅडमचा फोन आला, भिवा मढवींचा दावा थांबवलाय, तुम्ही एकटे येऊन जा. गेलो. टेबलावर माझी नाडी सोडलेली. त्यांनी एका बाजूला मृत्यूचा दाखला ठेवला, दुसऱ्या बाजूला रजेचा अर्ज. दोन्हींवर त्याच आठवड्याची तारीख.

"काका, या कागदाप्रमाणे भिवा गेले. या कागदाप्रमाणे राघो गेले. मग दावा कोणी केलाय? आणि हे अक्षर तुमचं आहे ना?"

माझं अक्षर लपत नाही. ल मी वेगळा काढतो. मी होय म्हटलं.

मग मी सगळं खरं सांगितलं. पत्र, दोन पाळ्या, चौथा दिवस, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. पाणी दिलं. पण ऐकून झाल्यावर म्हणाल्या की हे खरं असेल, मला ते खरंच वाटतंय, पण मला कागदाबाहेर जाता येत नाही. मी चिडलो. आवाज चढला माझा. कागद तुम्हाला लावून कोणी दिले, असं काहीतरी बोललो. मग मला माझीच लाज वाटली.

राघोला सांगायला जायचं होतं. दोन दिवस काढले, मग गेलो. पडवीत वहिनी तांदूळ निवडत बसलेली. मी फायलींचं सांगितलं, नाडी मी बांधली हेही सांगितलं, लपवलं असतं तर जेवण गेलं नसतं. वहिनी बोलली. तिने मला शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की एकतीस वर्षं पहाटे चारला उठून डबा मी केला, तो कोणाचा केला ते आता तुम्हीच सांगा मास्तर. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

तिथेच मला सुचलं. गेटपासवर फोटो आहे! नाव भिवाचं, पण फोटो राघोचा. अपघाताच्या रजिस्टरात लिहिलंय, डाव्या हाताची दोन बोटं. भिवा गेला तेव्हा त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, अख्ख्या गावाने पाहिली. मी राघोला म्हटलं, ऊठ, कपडे कर, तुझा हातच पुरावा आहे. खरं सांगतो, त्या दिवशी नौपाड्याला जाताना मला वाटलं होतं की जमलं. राघो वाटेत दोनदा म्हणाला, मास्तर, खोली नक्की हाय ना? मी दोनदा हो म्हणालो.

राघोने मॅडमच्या टेबलावर डावा हात पालथा ठेवला. शेजारी मी गेटपास ठेवला, रजिस्टरचं पान उघडून ठेवलं. त्यांनी हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग आत साहेबांकडे जाऊन आल्या. बसल्या आणि हळूहळू समजावून सांगितलं. फोटो आणि बोटं यावरून एवढंच सिद्ध होतं की काम यांनी केलं. पण कंपनीने यांना नेमलेलंच नाही. ज्या भिवाला नेमलं, त्याने काम केलं नाही. आणि यांनी कल्याणच्या कोर्टात शपथेवर सांगितलंय की मी भिवा. आता शपथेवर राघो म्हणालात तर तिथली शपथ खोटी ठरते, पोलिसांपर्यंत जाईल. त्यांना सांगताना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्याचा आम्हाला उपयोग नव्हता.

राघोने मला विचारलं, बाई काय सांगते? मी काय सांगू त्याला? अहवालात चौऱ्याऐंशी हजारांची ओळ तरी होती. आता ओळसुद्धा नाही.

एक वाट मॅडमनी दाखवली. भिवा दोन हजार नऊपर्यंत कामाला होता आणि नोकरीत असताना वारला, असं धरलं तर त्याच्या वारसांना तोपर्यंतची ग्रॅच्युइटी मिळू शकते. बावीस वर्षं, तेव्हाचा पगार धरून अडुसष्ट हजार. पुढची नऊ वर्षं कोणाचीच नाहीत. पण त्यासाठी राघोने लिहून द्यायला हवं की त्याचा या नोकरीशी संबंध नाही, नाहीतर दावा वादात जाईल आणि तेवढेही अडकतील.

प्रितमला विचारलं. तो म्हणाला, काका, अडुसष्टमध्ये बिल्डर खोली देत नाही, माझ्या हातात असतं तर दिली असती. पण ते पैसे मी शिवणार नाही, जे येतील ते तुमचे. आंबिवलीला एक खोली भाड्याने बघितलीय, तिच्या डिपॉझिटला होतील. दिवाळीनंतर घर पाडायचं ठरलेलंच होतं. मी राघोला म्हटलं, नको लिहून देऊस, आपण वरच्या कोर्टात जाऊ, मी पैसे उभे करतो. कुठून उभे करणार होतो कोण जाणे. वहिनीकडे बघत तो म्हणाला:

"मास्तर, मना आता नाव नको. म्हातारी कुठं ठेवू ती, तेवढं बघा."

प्रतिज्ञापत्र मीच लिहिलं. दुसरं कोण लिहिणार? याच्या आयुष्यातले सगळे खोटे कागद माझ्याच अक्षरातले आहेत. ‘मी, राघो जोमा मढवी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर कंपनीत मी कधीही, कोणत्याही पदावर, एक दिवसही नोकरी केलेली नाही. सदर कंपनीत माझा मयत भाऊ भिवा हाच कामास होता.’ टाइप करून घेतलं आणि आम्ही कल्याणला नोटरीकडे गेलो. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला, साठीचा माणूस. त्याने मजकूर मोठ्याने वाचला, आजूबाजूचे ऐकत होते. मग मला विचारलं, ओळख पटवणारे तुम्ही का, यांना कुठून ओळखता? मी म्हटलं, यांच्या गावात येणंजाणं आहे. एकतीस वर्षं मी रोज त्या मस्टरवर याच्या नावापुढे खूण केली, आणि मी म्हटलं, येणंजाणं आहे.

राघोने सही केली. राघो म्हणून सही करायची सवयच राहिली नव्हती, ‘भि’ काढायला गेला आणि थांबला. मग एकेक अक्षर आठवून लिहिलं. नोटरी म्हणाला, डाव्या हाताचा अंगठा पण लागेल. राघोने हात पुढे केला. नोटरीने अंगठा पॅडवर टेकवला, रजिस्टरवर दाबला आणि हात सोडता सोडता त्याचं लक्ष गेलं. सहज विचारलं त्याने, बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, बोटं कशाने गेली म्हणून.

राघोने माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठ्याची शाई तो लेंग्याला पुसत होता.

"जन्मापासून नाय," तो म्हणाला.

नोटरीने शिक्का मारला आणि दोनशे रुपये मागितले. ते मी दिले.